एलिझाबेथटनचं लँडिंग : चाकं टेकल्यावर परत उडायचं की नाही?

नभांगण (धागाकर्ता)

१५ ऑगस्ट २०१९ची दुपार. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एलिझाबेथटन नावाच्या गावाजवळच्या छोट्या विमानतळावर एक सेसना सायटेशन लॅटिट्यूड उतरत होतं. आत मोटार शर्यतींमधला प्रसिद्ध चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर, त्याची बायको, लहानगी मुलगी, घरचा कुत्रा आणि दोन वैमानिक. उत्तर कॅरोलिनातल्या स्टेट्सव्हिलहून निघालेलं हे अगदी थोड्या मिनिटांचं उड्डाण होतं. लख्ख उजेड होता, समोरची धावपट्टी स्वच्छ दिसत होती, विमान ठणठणीत होतं.

विमान टेकलं आणि उसळलं. पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा उजव्या बाजूचं मुख्य लँडिंग गिअर मोडलं. मग धावपट्टी सोडून, कुंपण तोडून ते हायवे ९१च्या कडेला जाऊन थांबलं आणि पेटलं. आतले सगळे जिवंत बाहेर आले. जळालेल्या सांगाड्याचे फोटो बघितले की यावर विश्वास बसत नाही.

मी वैमानिक नाही. अपघातांचे तपास अहवाल वाचायची सवय मात्र बऱ्याच वर्षांची आहे. या अहवालात अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) मुख्य कारण दिलंय ते असं : उतरण्याची तयारी विस्कटलेली होती, त्याच्या खुणा वैमानिकाला दिसत होत्या, तरी त्याने ती तशीच पुढे रेटली आणि चाकं टेकण्याआधी दोघांनीही गो-अराऊंडचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा, निर्णय घेतला नाही. इथपर्यंत समजलं. त्यानंतर हातभार लावणाऱ्या दोन गोष्टी दिल्यात. एक म्हणजे पहिल्यांदा टेकल्यावर स्पीडब्रेक (पंखांवर उभ्या होणाऱ्या फळ्या) उघडले नाहीत. दुसरी म्हणजे थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवणारी सोय) उघडल्यानंतर गो-अराऊंडचा प्रयत्न केला.

मी अडकलोय ते या दुसऱ्या गोष्टीपाशी. गो-अराऊंड केला नाही हा दोष, आणि केला हाही दोष? आजवर जे जे वाचलं त्यात "शंका आली की पुन्हा वर जा" हेच सांगितलेलं आहे. विमान उसळलं, तर वर जाण्यात चूक काय झाली? इथे विमानांशी रोजचा संबंध असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

किनारा

वाचतेय. मलाही हाच प्रश्न पडला. इंजिनं चालू होती ना? मग जोर का मिळाला नाही?

जुना_मेकॅनिक

नभांगण, धागा चांगला काढलात. तुमच्या प्रश्नाचा यंत्राकडचा भाग मी सांगतो. हाताचा भाग कॅप्टनसाहेब सांगतील, ते इथे असतातच.

लॅटिट्यूडच्या इंजिनाच्या मागच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन मोठ्या पाकळ्या असतात. आम्ही त्यांना बकेट म्हणतो. मिटलेल्या असल्या की त्या इंजिनाच्या आवरणाचाच भाग वाटतात. उघडल्या की दोन्ही मागे येऊन एकमेकींना भिडतात आणि मागे जाणारा झोत अडवून पुढे वळवतात. हाच थ्रस्ट रिव्हर्सर. इंजिन आपल्या नेहमीच्या दिशेनेच फिरत असतं, वळतो तो फक्त झोत.

आता हवेत असताना या पाकळ्या उघडल्या तर काय होतं? २६ मे १९९१ला थायलंडवर लाउडा एअरच्या बोईंग ७६७चा एक रिव्हर्सर चढताना हवेत उघडला. २२३ माणसं होती, एकही वाचलं नाही. म्हणून रिव्हर्सरच्या वाटेत कुलपं घालतात. त्यातलं मोठं कुलूप म्हणजे विमान जमिनीवर आहे की हवेत, हे ओळखणारं स्विच. चाकाच्या खांबावर, जिथे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबतो तिथे ते बसवलेलं असतं. विमानाचं वजन चाकावर आलं की खांब काही इंच खाली जातो आणि स्विच सांगतं, 'जमिनीवर'. वजन उचललं गेलं की 'हवेत'. आमच्या बोलण्यात त्याला स्क्वॅट स्विच म्हणतात. एवढासा भाग, वर तेल, धूळ, चिखल. तपासणीला आलेल्या प्रत्येक विमानाचं ते स्विच मी स्वतःच्या हाताने पुसलंय. कारण त्याने सांगितलेल्या एका शब्दावर इंजिन, ब्रेक, स्पॉयलर, सगळे विश्वास ठेवतात.

दुसरं कुलूप : पाकळ्या पूर्ण मिटून अडकल्याची खूण मिळेपर्यंत इंजिनाचा संगणक पुढचा जोर देतच नाही, लिव्हर कितीही पुढे ढकला.

आता एलिझाबेथटनला काय झालं बघा. विमान टेकलं, वैमानिकाने रिव्हर्सर ओढले. विमान पुन्हा उसळलं. स्विच म्हणालं 'हवेत'. त्याच वेळी वैमानिक म्हणाला, आता वर जाऊ. पण पाकळ्या मिटलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्याने मागितलेला जोर इंजिनाने दिला नाही. वेग पडत गेला आणि विमान खाली आपटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. वर जायला जे लागतं ते त्याच्या हातात उरलेलंच नव्हतं.

प्रश्नचिन्ह

मेकॅनिकदादा, मग हा यंत्राचा दोष नाही का? माणूस संकटात जोर मागतोय आणि संगणक नाही म्हणतोय. असं यंत्र बनवायचंच कशाला?

जुना_मेकॅनिक

प्रश्न रास्त आहे, आणि मी यंत्र बनवणाऱ्यांची वकिली करणार नाही. कुलूप उलट्या बाजूनेही घात करतं, याचं उदाहरण माझ्याकडे आहे.

१९ सप्टेंबर २००८, दक्षिण कॅरोलिनातलं कोलंबिया. लिअरजेट ६० उड्डाणासाठी धावत असताना टायर फुटले. वैमानिकाने उड्डाण सोडून दिलं आणि रिव्हर्सर ओढले. पण टायरच्या तुकड्यांनी चाकाजवळच्या तारा आणि नळ्या तोडल्या होत्या. संगणकाला वाटलं विमान हवेत आहे. त्याने रिव्हर्सर मिटवून टाकले, आणि लिव्हर 'उलट, पूर्ण जोर' अशा जागी असताना इंजिनांनी विमान पुढे ढकललं. सहापैकी चार जण गेले. त्याच जातीच्या विमानाला २००१मध्ये अलाबामातल्या ट्रॉयला असंच झालं होतं, तेव्हा उतरल्यावर हरणं धडकली होती.

कोलंबियात टायर का फुटले? हवा कमी होती म्हणून. त्या विमानाच्या टायरमधून रोज सुमारे दोन टक्के हवा जाते, आणि जवळजवळ तीन आठवडे कोणी दाब मोजलेला नव्हता. टायर डोळ्यांना फुगलेलाच दिसतो. गेज लावल्याशिवाय कळत नाही. मी हे पोरांना शिकवताना आधी त्यांना नुसतं बघून दाब सांगायला लावायचो. एकालाही कधी जमलं नाही.

तेव्हा प्रश्नचिन्हभाऊ, कुलूप नको असं म्हणता येणार नाही, ७६७चं काय झालं ते समोर आहे. पण कुलूप कसं वागतं हे ते वापरणाऱ्याला झोपेतही माहीत हवं. 'रिव्हर्सर उघडले की जमिनीवरच राहायचं' हे वाक्य वैमानिकांच्या शिकवणीत त्यामुळेच आलंय.

कॅप्टन_निवृत्त

उशिरा आलो. मेकॅनिकसाहेबांनी नेमकं सांगितलं. आता थोडं मागे जाऊ, कारण माझ्या मते हा अपघात रिव्हर्सरपाशी सुरू झालाच नाही.

प्रत्येक उतरण्यासाठी एक वेग काढतात. विमानाचं त्या दिवसाचं वजन, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली उतरणाऱ्या पट्ट्या), सगळं धरून. त्याला व्हीरेफ म्हणतात. त्या दुपारी तो १०८ नॉट (तासाला सागरी मैल) होता. चाकं पहिल्यांदा टेकली तेव्हा वेग होता १२६. अठरा नॉट जास्त. ऐकायला अठरा म्हणजे काहीच वाटत नाही. पण थांबताना जिरवायची असते ऊर्जा, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १२६ला १०८ने भागा, वर्ग करा : १.३६. म्हणजे ब्रेकवर ३६ टक्के जास्त काम.

दुसरा हिशोब. १२६ नॉट म्हणजे सेकंदाला साधारण २१३ फूट. ती धावपट्टी साडेचार हजार फुटांच्या आसपासची. त्या वेगाने ती एकवीस सेकंदांत संपते. उसळण्यात, 'आता काय' म्हणण्यात, हात इकडून तिकडे नेण्यात पाच सेकंद गेले की हजार फूट गेले.

वेग जास्त असला की विमान टेकायलाही तयार नसतं. धावपट्टीच्या अगदी जवळ पंखाखालच्या हवेची गादी तयार होते आणि विमान तरंगत राहतं. छोट्या जेटमध्ये हे जास्तच जाणवतं, ती अंगाने हलकी आणि गुळगुळीत असतात. मग कंटाळून वैमानिक नाक खाली दाबून टेकवतो, आणि तिथून उसळ्या सुरू होतात.

म्हणून आम्ही दारं, म्हणजे सगळं जागेवर आहे का हे तपासायच्या उंची, ठरवून ठेवतो. ढगांत असाल तर हजार फुटांवर, उघड्या हवेत पाचशे फुटांवर : वेग जागेवर, उतरण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत, फ्लॅप आणि चाकं बाहेर, इंजिनाचा जोर बसलेला. यातलं एक जरी नसेल तर वर जायचं. तिथे विचार करायचा नाही, चर्चा करायची नाही. जो विमान चालवत नाही त्याने तोंडाने 'गो-अराऊंड' म्हणायचं आणि चालवणाऱ्याने ते ऐकायचं.

नियम एवढा सोपा, आणि तरी पाळला जात नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने यावर काम केलंय. विस्कटलेल्या स्थितीत खाली येणाऱ्या विमानांपैकी सुमारे ९७ टक्के विमानं वर जात नाहीत, उतरतातच. त्यातली बहुतेक सुखरूप उतरतात. घात तिथेच आहे. दर वेळी जमून जातं आणि माणूस शिकतो की जमतं.

प्रश्नचिन्ह

कॅप्टन, हे पटतं, पण राग येतो. दोन प्रशिक्षित माणसं, दिवसाढवळ्या, मागे कुणाचं लेकरू बसलंय. वेग जास्त आहे हे दिसतंय. वर जाऊन दहा मिनिटांत परत यायचं, एवढंच करायचं होतं.

कॅप्टन_निवृत्त

राग मीही समजू शकतो. पण मी त्या खुर्चीत बसलोय, म्हणून खरं सांगतो. धावपट्टी काचेत मोठी होत जाते तसं मन आखडत जातं. 'वेग उतरतोय, उतरेल अजून' असं वाटत राहतं. माझ्याकडून एकदा असं झालंय. वेग पंधरा नॉट जास्त, शेजारी नवा सहवैमानिक. त्याने 'स्पीड' म्हटलं, मी 'करेक्टिंग' म्हटलं. त्याने पुन्हा 'स्पीड' म्हटलं, मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही. धावपट्टी लांब होती म्हणून त्या दिवशी काही झालं नाही. रात्री झोप लागली नाही ती त्या पोराच्या गप्प बसण्यामुळे. त्याला मी गप्प केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली आणि सांगितलं, यापुढे दुसऱ्यांदा 'स्पीड' म्हणायचंच नाही, थेट 'गो-अराऊंड' म्हणायचं, मी वर जाईन. पुढची अकरा वर्षं ज्याच्या ज्याच्यासोबत उडलो त्याला पहिल्या दिवशी हे सांगितलं.

किनारा

कॅप्टन, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार.

एक बाळबोध प्रश्न. स्पीडब्रेक उघडले नाहीत म्हणून एवढा फरक का पडावा? चाकांचे ब्रेक होतेच ना?

कॅप्टन_निवृत्त

बाळबोध अजिबात नाही. १२६ नॉटला चाकं जमिनीवर असली तरी पंख अजून उडतच असतात. विमानाचं बरंचसं वजन पंखांनी उचलून धरलेलं असतं, चाकांवर थोडंच येतं. चाकांवर भार नसेल तर ब्रेक दाबून काय धरणार? पंखांवरच्या फळ्या उभ्या केल्या की पंखाची उचल मोडते आणि वजन धप्पकन चाकांवर बसतं. उसळीही तिथेच मरते. म्हणून टेकल्यावर हाताने करायचं पहिलं काम फळ्या उघडणं. एनटीएसबीनेही म्हटलंय की त्या उघडल्या असत्या तर कदाचित विमान धावपट्टीबाहेर गेलं नसतं.

ओल्या धावपट्टीवर तर हे फारच जपावं लागतं. टायर पाण्याच्या थरावर चढून घसरायला लागतो, तो वेग अंदाजे काढायचा जुना नियम आहे : टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ. दाब १४४ पौंड असेल तर वर्गमूळ बारा, म्हणजे १०८ नॉट. त्याच्या वर साचलेल्या पाण्यात ब्रेकचा भरवसा नाही.

नभांगण

तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांनंतर मी एक जुना अहवाल पुन्हा काढून वाचला. ३१ जुलै २००८, मिनेसोटातलं ओवाटोना. हॉकर ८००ए, आठ जण. पाऊस होऊन गेलेला, धावपट्टी ओली, लांबी ५,५०० फूट आणि वारा पाठीमागून. हॉकरमध्ये फ्लॅप आणि फळ्या एकदम उघडून पंखाची उचल मोडायची सोय असते, लिफ्ट डंप म्हणतात. ते वेळेत पूर्ण उघडलं नाही. विमान टेकून धावत राहिलं, थांबेना. टेकल्यानंतर सतराएक सेकंदांनी कॅप्टनने ठरवलं, वर जाऊ.

धावपट्टी उरलेली नव्हती. विमान पलीकडच्या अँटेनाला धडकून मक्याच्या शेतात पडलं. आठही जण गेले. मुख्य कारण म्हणून एनटीएसबीने लिहिलंय ते हेच : उतरून धावताना फार उशिरा घेतलेला गो-अराऊंडचा निर्णय.

हा अहवाल मी पूर्वी वाचला होता आणि मनाशी 'थांबले नाहीत म्हणून गेले' अशी नोंद करून पुढे गेलो होतो. ती चूक होती. जमिनीवरच राहिले असते तर धावपट्टीच्या टोकावरून बाहेर गेले असते, पण वेग बराच उतरलेला असता. वर जायला म्हणून पुन्हा जोर लावला, आणि तो वेग घेऊन ते धडकले.

म्हणजे माझ्या मूळ प्रश्नात 'गो-अराऊंड' हा एकच शब्द मी दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरत होतो. पाचशे फुटांवरचा आणि ब्रेक लावल्यानंतरचा.

सिव्हिलवाला

नभांगण, टोकावरून बाहेर जाणं हे शब्द ऐकायला भयंकर वाटतात, म्हणून त्या टोकाबद्दल थोडं लिहितो, माझं काम त्याच्याशी संबंधित आहे.

अमेरिकेत मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे हजार फूट मोकळी सपाट जागा असावी असा दंडक आहे. पुष्कळ जुन्या विमानतळांना ती मिळत नाही, पुढे रस्ता, समुद्र, वस्ती असते. तिथे ईमास नावाचा गादा घालतात. हलक्या, बुडबुड्यांनी भरलेल्या काँक्रीटच्या लाद्या. हातात घेतली तर वाटत नाही काँक्रीट आहे म्हणून, अंगठ्याने जोरात दाबलं तर कडा चुरते. विमानाचं चाक त्यात खचतं, लाद्या चुरत जातात आणि त्या चुरण्यात विमानाची गती जिरते. साधारण ७० नॉटपर्यंतच्या वेगाने आत आलेलं विमान त्यात थांबावं असा हिशोब असतो. पहिला गादा १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफकेवर बसला.

फ्लोरिडातल्या की वेस्टची जोडी मी नेहमी सांगतो. ३१ ऑक्टोबर २०११ला तिथे एक गल्फस्ट्रीम जी१५० थांबू शकलं नाही आणि धावपट्टी ओलांडून लांब मातीत गेलं. त्या टोकाला गादा नव्हता. तीनच दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, एक सायटेशन उलट्या दिशेने उतरलं, तेही थांबलं नाही. त्या टोकाला गादा होता. चाकं लाद्यांत रुतली, विमान उभं राहिलं, आतल्या पाचही जणांना काही झालं नाही.

ओवाटोनाच्या कॅप्टनला पलीकडे काय आहे याची भीती वाटली असेल. पण जमिनीवर, उतरत्या वेगाने मातीत जाणं आणि चढत्या वेगाने हवेत अर्धवट लटकणं, यांत जगायची शक्यता कुठे जास्त हे उघड आहे.

जुना_मेकॅनिक

सिव्हिलवाले, उत्तम लिहिलंत. एक भर. छोट्या जेटपैकी पुष्कळांना रिव्हर्सर नसतातच. सायटेशन मस्टँगला नाहीत, फेनम १००ला नाहीत. ती विमानं सगळी ब्रेकच्या जिवावर थांबतात. त्यांच्या बाबतीत टायरचा दाब आणि ब्रेकची जाडी या दोन गोष्टींत सवलत नाही.

मृण्मयी

मी वाचकच असते इथे, पण कॅप्टनचा प्रतिसाद वाचल्यावर लिहावंसं वाटलं.

कामानिमित्त वर्षातून तीन-चारदा भाड्याच्या छोट्या जेटने जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी उतरताना अगदी जमीन दिसत होती आणि एकदम इंजिनं गरजली, पाठ खुर्चीत दाबली गेली, आम्ही वर. वैमानिकाने नंतर सांगितलं की वेग जमत नव्हता. बारा मिनिटांनी उतरलो. आमच्यातले एक वरिष्ठ उतरताना त्याला म्हणाले, "आमची मीटिंग घालवलीत तुम्ही." तो काही बोलला नाही, बॅगा काढून देत राहिला. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. आणि मी गप्प बसले. त्याला साधं 'थँक यू' म्हणायचं राहून गेलं, ते आज हा धागा वाचून टोचतंय.

छोट्या विमानात वैमानिक आणि आपण यांच्यात दारही नसतं कधी कधी. आपण टाकलेला प्रत्येक उसासा त्याला ऐकू जातो.

नभांगण

मृण्मयीताई, तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे आणि ते अहवालातही सापडतं. २९ मार्च २००१, कोलोरॅडोतलं ॲस्पेन. गल्फस्ट्रीम थ्री, भाड्याने घेतलेलं, पंधरा प्रवासी, तीन कर्मचारी. उड्डाणाला उशीर झालेला. चहूकडे डोंगर, अंधार पडत आलेला, आणि तिथे रात्री उतरायला निर्बंध. दुसरीकडे उतरावं लागेल म्हटल्यावर विमान भाड्याने घेणारा चिडला होता. वैमानिक धावपट्टी नीट दिसत नसताना खाली आले आणि डोंगरउतारावर आदळले. अठराच्या अठरा गेले. हातभार लावणाऱ्या कारणांत एनटीएसबीने भाडेकऱ्याकडून कॅप्टनवर आलेला दबाव स्पष्ट लिहिलाय.

प्रश्नचिन्ह

मी वर रागाने लिहिलं ते वैमानिकांबद्दल. त्या वरिष्ठांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच बोललो असतो. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

कॅप्टन, प्रवासी म्हणून आमच्या हातात नेमकं काय आहे?

कॅप्टन_निवृत्त

विमानात बसण्याआधी वैमानिकाला एक वाक्य सांगा : 'उशीर झाला, दुसरीकडे उतरलात, तरी आमची हरकत नाही.' मला माझ्या सगळ्या नोकरीत हे तीनदाच कोणीतरी म्हणालं. तिन्ही माणसं अजून लक्षात आहेत. एक बाई होत्या, सोबत आजारी वडील होते, त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त घाई असायला हवी होती.

आणि मीटिंग उतरण्याच्या वेळेला चिकटून ठेवू नका. मध्ये दोन तास मोकळे ठेवा. मग उसासा टाकावासाच वाटणार नाही.

भाड्याने घेताना कंपनीला विचारा की धावपट्टीच्या लांबीत किती राखीव धरता. अमेरिकेत भाड्याच्या जेटने साधारणपणे धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता येईल असाच हिशोब मांडून निघायचं असतं, ओली असण्याची शक्यता असेल तर आणखी १५ टक्के लांबी धरायची. खासगी मालकाच्या विमानाला तो दंडक लागू नाही. पण तोच हिशोब स्वखुशीने पाळणारे मालक मी पाहिलेत, आणि त्यांच्याकडे नोकरी करताना मनावर ओझं नसायचं.

किनारा

कॅप्टन, मला अजून दरवाजाचं विचारायचंय. एलिझाबेथटनला विमान पेटलं आणि तरी सगळे निघाले. मला तर छोट्या जेटचं दार कसं उघडतं हेही माहीत नाही.

जुना_मेकॅनिक

याचं उत्तर मी देतो. बसल्यावर दोन गोष्टी बघून ठेवा. मुख्य दाराची मूठ कुठल्या बाजूला फिरते, ते तिथेच बाणाने काढलेलं असतं. आणि दुसरी वाट कुठे आहे. बऱ्याचदा ती पंखावरची छोटी खिडकीवजा झडप असते. पुष्कळ विमानांत ती बाहेर ढकलायची नसते, आधी आत ओढायची असते. घाबरलेला माणूस ढकलत राहतो. उजव्या पंखावर असेल तर आधी काचेतून बघा त्या बाजूला आग आहे का. चाक मोडून विमान कललं असेल तर मुख्य दार अडकू शकतं, म्हणून दुसरी वाट माहीत हवी.

वैमानिकाला 'जरा दाखवता का' म्हटलं तर तो आनंदाने दाखवतो. एक मिनिट लागतं.

मृण्मयी

पुढच्या गुरुवारी जायचंय, तीच कंपनी. तो वैमानिक असेल की नाही माहीत नाही. असेल तर दोन वर्षं उशिराने का होईना, त्या बारा मिनिटांबद्दल आभार मानणार आहे. आणि झडप दाखवायला सांगणार आहे. परत आल्यावर इथे लिहिते.